ठिबकची नळी

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. निवडणुकीतले नव्हेत, दवाखान्यातले. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेवक, म्हणजे सरकारी माणूस. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्याचं वर्ध्यात औषधाचं दुकान आणि घर बोरगाव मेघेला. मी म्हणतो, माणूस आजारी पडला की त्याला बरं करणं सरकारचं काम आहे, गरीब असो की श्रीमंत, एकाच रांगेत. दादा म्हणतो, फुकट मिळालेल्याची किंमत कुणाला नसते, ज्याला गिऱ्हाईक टिकवायचं आहे तोच नीट काम करतो. हा वाद आम्ही जेवताना घातला आहे, लग्नाच्या मांडवात घातला आहे. एकदा तर मयतीला जाताना घातला, आणि तिरडी पुढं निघून गेली तरी आम्ही दोघं स्मशानाच्या फाटकाशी उभेच होतो.

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून ठेवतो. दादाचाही तसाच. हा राग बाबांकडून आलेला नाही. बाबांनी आम्हाला कधी चापट मारली नाही. आम्ही भांडायला लागलो की ते विडी पेटवून वांग्याच्या वाफ्याकडं निघून जायचे आणि आवाज थांबला की परत यायचे.

त्या रविवारी दादा सकाळीच गाडी घेऊन आला होता. थंडीचे दिवस होते. वांगी, मेथी, एकदोन फुलकोबी असं घरापुरतं घ्यायचं आणि दुपारी जेवून परतायचं, हा त्याचा नेम. आमचं शेत केळझरच्या पलीकडं, जंगलाला लागून. भाजीपाला लावणाऱ्याकडं रानडुकरं नेहमीची. रात्री येतात, वाफे उकरतात आणि उजाडायच्या आत निघून जातात. त्या दिवशी एक गेलं नव्हतं. मक्याच्या तुकड्यात बसून होतं, आणि बाबा ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला त्याच तुकड्यात शिरले.

ओरडलं ते डुक्कर. बाबांचा आवाजच आला नाही. मी धावलो तेव्हा बाबा पाठीवर पडले होते आणि ते जनावर त्यांच्या मांडीत तोंड खुपसून मानेला झटके देत होतं. मी हातातलं फावडं त्याच्या पाठीत घातलं. ढिम्म हललं नाही. दुसऱ्यांदा घातलं तेव्हा दांडा मोडला. ते माझ्याकडं वळलं, एवढ्याशा डोळ्यांनी बघितलं, पुन्हा बाबांवर गेलं, आणखी एक धडक दिली आणि मका मोडत निघून गेलं. दादा बांधावरून दगड भिरकावत, तोंडाला येतील त्या शिव्या देत धावत आला, पण तोवर मारायला समोर काही उरलं नव्हतं.

उजव्या मांडीची आतली बाजू गुडघ्याच्या वरपासून उघडी पडली होती. रक्त उडत होतं. माझ्या तोंडावर आलं, दादाच्या पांढऱ्या शर्टावर आलं. मी विळ्यानं ठिबकची नळी कापली. भाजीवाल्याच्या शेतात दोरी शोधत बसावं लागत नाही. गाय बांधायची, फाटक बांधायचं, टोमॅटोच्या काठ्या बांधायच्या, सगळं आम्ही जुन्या ठिबकच्या नळीनंच बांधतो. जखमेच्या वर दोन वेढे दिले, त्यात बाभळीची काडी अडकवली आणि अंगात होता तेवढा जोर लावून पिळली. बाबा तेव्हा पहिल्यांदा ओरडले. रक्त थांबलं.

मला हे येत होतं. नुसतं येत नव्हतं, मी शिकवत होतो. गावोगावच्या स्वयंसेवकांना समोर बसवून मीच सांगायचो, की रक्त कशानंच थांबेना तर वर आवळून बांधा, आणि बांधलं की पहिलं काम, वेळ लिहा. कपाळावर लिहा, हातावर लिहा, पण लिहा. कारण असा आवळलेला पाय दोनेक तासांच्या वर धोक्यात जातो आणि डॉक्टरला ते कळायला पाहिजे. माझ्या शर्टाच्या खिशात पेन होता. फाट्यावर सातची एसटी हॉर्न देत होती, तीही मी ऐकली. मी लिहिलं नाही. कारण त्याच वेळी दादा म्हणाला, "चाल, वर्ध्याले नेऊ. माह्या ओळखीचं हॉस्पिटल आहे." आणि माझं डोकं फिरलं.

बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर घेतलं, जखमेवर आणि नळीवर दादाच्या गळ्यातला दुपट्टा गुंडाळला. केळझरच्या गणपतीची टेकडी मागं पडली तेव्हा दादानं स्टिअरिंगवरचा एक हात काढून छातीला लावला. तेवढीच काय ती शांतता.

"सेलूले थांब," मी म्हणालो. "सरकारी दवाखाना वाटेतच आहे. सलाईन लावतील, सरकारी गाडीनं पुढं पाठवतील."

"रविवारी तिथं कोण राह्यते? कुत्रं?"

"मी राह्यतो रविवारी ड्युटीवर. मी कुत्रं आहो काय?"

"तुले बोललो काय मी?"

"मंग कोणाले बोलून राह्यला?"

"तुमच्या खात्याले बोलून राह्यलो. फुकटचा पगार खाणाऱ्या खात्याले!"

बाबा माझ्या मांडीवरून म्हणाले, "पाय सुन्न पडला रे. ते नळी पाह्य बरं जरा. किती वेळ झाला?"

"तुमी गप राहा जी बाबा," मी म्हणालो. "मी पाहून राह्यलो ना!"

मी पाहत नव्हतो. मी दादाच्या मानेकडं पाहत होतो. सेलूचा फाटा आला आणि दादानं गाडीचा वेग कमी केला नाही. मी बाबांचं डोकं सीटवर ठेवलं, दोन सीटांच्या मधून हात घातला आणि स्टिअरिंग ओढलं. गाडी डांबरावरून खाली उतरली, मैलाच्या दगडाला घासली आणि पुढचं चाक नालीत गेलं. बाबा पुढच्या सीटच्या पाठीवर आदळून खाली पडले. आता लिहिताना हे वाक्य नीट दिसतं. तेव्हा मी त्यांना उचलून सीटवर टेकवलं आणि दार उघडून दादाच्या अंगावर गेलो.

आम्ही लहानपणी पुष्कळ मारामाऱ्या केल्या होत्या, पण ही तशी नव्हती. त्यानं माझ्या ओठावर ठोसा मारला, दात ओठात घुसला. मी त्याची कॉलर धरून तोंड बॉनेटवर आपटलं, एकदा, दोनदा. त्यानं गुडघा पोटात घातला. मग आम्ही रस्त्याच्या कडेच्या मुरमात लोळलो. तो माझा गळा धरून म्हणत होता, "माहा बाप मरू द्याचा आहे काय तुले रांगेत?" आणि मी त्याच्या तोंडावर माती फेकत म्हणत होतो, "बापाले विकाले नेऊन राह्यला तू! दुकानदार साल्या!" पन्नाशीला आलेला मी आणि पन्नाशी ओलांडलेला तो. मला आठवतं ते असं की त्या क्षणी मला खरंच वाटत होतं मी बाबांसाठी लढतो आहे. मोठ्या गोष्टीसाठी लढतो आहे.

भाजीचा टेम्पो थांबला. त्यातल्या माणसानं आम्हाला बखोटीला धरून वेगळं केलं आणि म्हणाला, "अहो, गाडीत माणूस मरून राह्यला, काऊन भांडून राह्यले?" मग दोरखंड लावून गाडी नालीतून काढण्यात वेळ गेला. किल्ली दादाच्या हातात होती, म्हणून दादा जिंकला. आम्ही सेलू सोडून वर्ध्याला निघालो. बाबांनी आणखी एकदा म्हटलं, "नळी ढिली करजो बाबू." मी ऐकलं. उत्तर दिलं नाही, कारण दादासमोर मला बाबांचं ऐकतो आहे असं दाखवायचं नव्हतं. नळी बांधली ती मी, ती बरोबरच होती, खात्याचा माणूस मी होतो.

दादाच्या ओळखीच्या हॉस्पिटलात काचेचं दार आपोआप उघडलं. आत फरशी अशी की आम्ही दोघांनी न सांगता चपला बाहेर काढल्या. काचेला हात लागला तर मी तो डाग बाहीनं पुसला, हे मला पक्कं आठवतं. बाबांना चटकन आत घेतलं, सलाईन लावली, दोन नर्सा धावल्या. दादानं माझ्याकडं असं बघितलं, की बघ, याला म्हणतात दवाखाना.

तिथल्या डॉक्टरांनी दुपट्टा बाजूला केला, नळी बघितली आणि विचारलं, "छान बांधलंय. किती वेळ झाला?"

माझा ओठ सुजून पुढं आला होता. दादाचं नाक फुटलेलं, दोघांचे कपडे मुरमानं भरलेले. समोर दादाच्या ओळखीची सगळी माणसं, त्याच्या दुकानात रोज येणारी. खरी वेळ सांगितली असती तर पुढचा प्रश्न आला असता की एवढा वेळ होतात कुठं. दीड तासाच्या वर झालं होतं, दोनाकडं चाललं होतं.

"अर्धा तास," मी म्हणालो.

दादानं माझ्याकडं पाहिलं आणि तो काही बोलला नाही.

"मग वेळ आहे," डॉक्टर म्हणाले. "रक्तवाहिन्यांचे सर्जन नागपूरला असतात, त्यांना बोलावतो. तोवर हे सोडायचं नाही." आणि त्यांनी वरून जाड पट्टी बांधली. माझ्या उत्तरावर त्यांनी केलं ते बरोबरच होतं.

पुढचं सगळं काउंटरवर झालं. तिथल्या मुलीनं बाबांचं योजनेचं कार्ड बघितलं आणि गोड आवाजात सांगितलं, की ही शस्त्रक्रिया आमच्याकडं योजनेत बसत नाही. दादा लगेच म्हणाला, मी भरतो. मी म्हणालो, भरायचे नाहीत. कार्ड सरकारनं दिलंय, हक्क आहे, फुकट मागत नाही आहोत, हक्काचं मागतो आहोत. दादा म्हणाला, बाहेर चल, तुला हक्क दाखवतो. मी म्हणालो, मॅनेजरला बोलवा. मॅनेजर आला, मी त्याला नियम ऐकवले, लेखी मागितलं. दादा सही करायला गेला की मी कागद ओढायचो. एक कागद फाटला. मुलगी शेवटी म्हणाली, "घरच्यांचं एकमत झालं की सांगा, तोवर सर्जनना निघायला सांगता येत नाही." डॉक्टर दोनदा बाहेर येऊन वेळ जातोय म्हणाले, आम्ही एकमत करत बसलो. मध्ये दादानं मला भिंतीवर ढकललं आणि तिथली लक्ष्मीची तसबीर पडून फुटली. त्यासाठी आम्ही दोघांनी हात जोडून माफी मागितली.

बारा वाजून गेले तरी मी सही होऊ दिली नाही, आणि शेवटी बाबांना तिथून काढलं. दादा रस्ताभर रडत होता आणि शिव्या देत होता. मी जिंकलो होतो. वर्ध्यातल्याच सरकारी दवाखान्याच्या फाटकातून आत शिरताना मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.

अपघात विभागात गर्दी होती. बाकावर, खाली, स्ट्रेचरवर माणसं. तरी डॉक्टरीणबाई दोन-तीन मिनिटांतच आमच्याकडं आल्या. पस्तिशीच्या असतील, चष्मा, केसांत पेन खोचलेला, सकाळपासून उभ्या असाव्यात. त्यांनी पट्टी सोडली, दुपट्टा काढला, नळी पाहिली, मग खाली पायाची बोटं पाहिली. बोटं काळपट निळी होती. त्यांनी बोटांना हात लावला आणि मान वर केली.

"हे किती वाजता बांधलं?"

"आधी पाहा तरी," मी म्हणालो. "आल्या आल्या प्रश्न काय विचारता?"

"किती वाजता बांधलं?"

"अहो, माणूस मरून राह्यला इथं!"

"ते मला दिसतंय. किती वाजता?"

मी त्यांच्या कानाखाली मारली. ताकदीनं मारली. बाईमाणसावर हात उचलायची माझी ती पहिली वेळ. चष्मा उडून स्ट्रेचरखाली गेला. सगळा विभाग एकदम पेटला. सुरक्षारक्षकानं मागून माझ्या बरगडीत काठी घातली, मी खाली बसलो, त्यानं पुन्हा घातली. सकाळपासून माझा गळा दाबणारा दादा सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून त्या रक्षकावर धावला. "माह्या भावाले हात लावतो?" म्हणत त्यानं तो त्याच्या खांद्यावर आपटला. बाटली फुटली. आणखी दोघं आले, त्यांनी दादाला फरशीवर पालथा घातला आणि लाथा घातल्या. मी एकाच्या पोटरीला चावलो. त्या दिवशी दादाचं आणि माझं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

बाई स्ट्रेचरखाली वाकल्या, चष्मा काढला. एक काच तडकली होती. तो त्यांनी तसाच डोळ्यांवर चढवला. गालावर माझी बोटं उठली होती. त्या पुन्हा स्ट्रेचरजवळ आल्या आणि तोच प्रश्न त्यांनी विचारला, पण मला नाही.

"बाबा, हे किती वाजता बांधलं?"

"सातले," बाबा म्हणाले. "सातची एसटी वाजली तवा. डॉक्टरीणबाई, पोट्ट्यायले माफ करजा. ते लहानपणापासून असेच आहेत."

भिंतीवरच्या घड्याळात एकला दहा मिनिटं कमी होती. माझ्या हातातला रक्षकाचा पाय सुटला. मला कळलं. त्या खोलीत आणखी कुणाला कळलं नसेल इतकं स्वच्छ कळलं, कारण हा धडा मी इतरांना शिकवत आलो होतो. बाई फक्त म्हणाल्या, "ओटीला कळवा," आणि स्ट्रेचर ढकलायला स्वतः लागल्या.

दुपारी पाय मांडीतून कापला. ठेवला असता तर माणूस गेला असता, असं सर्जननी सांगितलं. त्यांनी असंही विचारलं की आधी कुठं होतात. मी म्हणालो, खासगीत. ते खोटं नव्हतं.

चारच्या सुमाराला गावाहून चुलत भाऊ आले, दोन पिकअप भरून. कुणी शेतातून उठून आलेलं, कुणाच्या हातात अजून मेथीच्या जुड्या बांधायचं सुतळीचं बंडल. एकानं मला खांद्याला धरून विचारलं, "काकाचा पाय कोणं कापला?" मला वाटतं माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मी तेव्हा केली. थापड नव्हे, ही. मला सांगता आलं असतं. मी अपघात विभागाच्या दाराकडं बोट दाखवलं.

पहिला दगड काचेवर बसला तसा आत किंकाळ्या उठल्या. खुर्च्या फेकल्या, केसपेपरची खिडकी उखडली, पाण्याचा माठ फोडला. एक दगड आयाबाईंच्या भुवईवर लागला. त्या माझ्या ओळखीच्या निघाल्या, आमच्याच खात्यातल्या एकाच्या सासू. पदर डोळ्यावर दाबून त्या भिंतीशी बसल्या आणि बोटांमधून रक्त गळत होतं. मी पायरीवर बसून हे बघत होतो. तेव्हा डोक्यात एक गोष्ट आली ती अजून जात नाही. सकाळी मी दुसऱ्या एका काचेवरचा माझ्या बोटांचा डाग बाहीनं पुसला होता. तिथं पैसे मोजणार होतो म्हणून चपला काढल्या. इथं सगळं आमच्या हक्काचं होतं, म्हणून फोडायचाही हक्क आमचाच. वर्षानुवर्षं दादाला जे पटवत होतो की दवाखाना लोकांचा असावा, ते लोक हे होते. त्यात मी होतो.

पोलीस आले. जबाब लिहून घेतला. सही करायला पेन मागितला तर हवालदार म्हणाला, तुमच्या खिशात आहे की. सकाळपासून तिथंच होता, रक्त वाळून टोपण चिकटलं होतं. जबाबात मी सांगितलं होतं, वडिलांच्या अवस्थेमुळं मानसिक ताण आला. मी निलंबित झालो, मग कामावर घेतलं, खटला अजून चालू आहे. त्या बाईंनी तक्रार मागं घेतली नाही. नातेवाइकांनी खूप दबाव आणला, हातापाया पडायला माणसं पाठवली. त्या नाही म्हणाल्या, आणि बरोबर केलं. तारखेला आम्ही एकाच व्हरांड्यात उभे असतो. त्या मला ओळखतात. एकदा त्यांनी विचारलं, "बाबा कसे आहेत?" मी म्हणालो, चालतात.

बाबांना आता दोन पाय आहेत, म्हणजे लाकडी-प्लॅस्टिकचे दोन. एक मी सरकारी शिबिरातून मिळवला, फुकट, जरा जड. दुसरा दादानं विकत आणला, हलका, गुडघ्यात वाकणारा, कातडीच्या रंगाचा. दोन्ही पलंगाजवळ भिंतीला टेकून उभे असतात. बाबा कुणालाच दुखवत नाहीत, म्हणून शेतात सरकारी घालतात आणि लग्नात खासगी. पाहुणे हसतात. मीही हसतो.

दादाशी माझा वाद अजून चालतो, उलट वाढला आहे. तो म्हणतो, सही होऊ दिली असती तर सर्जन अकराला आले असते, पाय वाचला असता. मी म्हणतो, सेलूला थांबला असतास तर आठलाच पुढं पाठवलं असतं. तो म्हणतो, तुमच्या व्यवस्थेत कुणाला कशाचं पडलेलं नसतं. मी म्हणतो, सहा तासांत मला खरा प्रश्न दोनदा, तीनदा विचारला तो माझ्याच व्यवस्थेतल्या बाईनं. इथं आलो की मी गप्प होतो, आणि दादाही विषय बदलतो. कारण डॉक्टरसमोर माझ्या शेजारी उभा राहून त्यानं माझं "अर्धा तास" ऐकलं होतं आणि तोही गप्प बसला होता. आम्हाला दोघांना ते माहीत आहे. जोवर आम्ही सरकार आणि बाजार यांच्यावर भांडत असतो तोवर त्या अर्ध्या तासाबद्दल बोलावं लागत नाही. मला कधीकधी वाटतं, आम्ही भांडतो ते त्यासाठीच. आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेपर उघडला, दवाखान्याची काही बातमी दिसली, की हात शिवशिवतात आणि मी त्याला फोन लावतो.

बाबा त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. गाडीत ते नळीबद्दल काय म्हणाले होते, किती वेळा म्हणाले होते, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. घरात ते फक्त मला माहीत आहे. दादा तेव्हा ओरडत होता, त्यानं ऐकलं नसावं.

मागच्या रविवारी दादा आला होता. पुन्हा थंडीच आहे, वांगी भरात आहेत. ओसरीत चहा झाला आणि कशावरून तरी सुरू झालं. आवाज चढले. बाबा पलंगावर बसून मेथी निवडत होते. एके काळी अशा वेळी ते उठून वाफ्याकडं जायचे. आता उठता येत नाही, पाय लावून द्यावा लागतो. त्यामुळं त्यांना आमचं सगळं ऐकावं लागतं.

"बाबालेच विचारू," दादा म्हणाला. "तुमी दोन्ही वापरता ना जी? खरं सांगा, कोणाचं मन राखू नका. कोणता पाय चांगला? माहा का याचा?"

मीही म्हणालो, "हाव, सांगा बाबा. एकदाचं होऊन जाऊ द्या."

बाबांनी मेथीची काडी मोडली, पानं टोपलीत टाकली, काडी खाली टाकली.

"माहा चांगला होता," ते म्हणाले.

दादानं चहाचा रिकामा कप उचलून तोंडाला लावला. मला उठून कुठंतरी जावंसं वाटलं.

"आता बसू नका असे," बाबा म्हणाले. "वांग्याले पाणी सोडाचं आहे. सरकारी आण इकडं."

मी पाय आणला. त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो, मांडीचा उरलेला भाग आत बसवला आणि कमरेचा पट्टा ओढला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात टेकला, तोल सावरायला.

"लय घट्ट नको बांधू बाबू," ते म्हणाले.

मी पट्टा एक भोक सैल केला.